पंधरा वर्षांची क्लॉडेट, आणि बाकीची पोरं

नमस्कार मंडळी. आज जरा लांबचं बोलायचंय, अमेरिकेतलं. ब्लॅक घरातलं पोर तिथं ऐन वयात, म्हणजे हायस्कूलच्या वयात, कसं वाढतं त्याबद्दल. आणि आधीच सांगून ठेवते, याचं एक उत्तर नाहीये. आपल्याकडं टीव्हीवर काय दिसतं, एक तर बास्केटबॉल खेळणारा नाहीतर पोलिसांपुढं पळणारा, आणि मग आपण सगळ्यांना त्या दोन खोक्यांत कोंबून मोकळे. असं नसतं हो. एकाच गावात, एकाच वर्षी, एकाच रंगाच्या दोन मुलींचं दोन तऱ्हेचं होतं. हे लक्षात ठेवा, मी परत यावर येणार आहे.

पण त्याआधी मला क्लॉडेटची गोष्ट सांगू दे. क्लॉडेट कोल्विन. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगते, घरचे कंटाळलेत, आता तुमची पाळी.

अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर. २ मार्च १९५५. क्लॉडेट पंधरा वर्षांची. पंधरा, म्हणजे आपली दहावीची पोरगी. जाड चष्मा, अभ्यासात हुशार, मोठेपणी वकील व्हायचं असं मनात पक्कं. आईवडिलांकडं नाही, आईची मावशी आणि तिचा नवरा यांनी तिला सांभाळलेलं, त्यांनाच ती आई-बाबा मानायची. राहायची किंग हिल नावाच्या वस्तीत, गरिबांची वस्ती, गावात फारसं नाव चांगलं नसलेली. सख्खी बहीण तीन वर्षांपूर्वी पोलिओनं गेलेली.

आता त्या गावात ब्लॅक मुलीला साधे बूट घ्यायचे तर काय करावं लागायचं ते ऐका. दुकानात पायात घालून बघायचे नाहीत. गोऱ्या गिऱ्हाइकाच्या पायात जाणारा बूट तुझ्या पायात आधी कसा जाईल, असं. मग काय करायचं, तर घरी खाकी कागदी पिशवीवर पाऊल ठेवायचं, पेन्सिलीनं भोवती रेघ मारायची, आणि तो कागद घेऊन दुकानात जायचं. आपल्याकडं बाजारला जाताना बाप पोराच्या पायाचं माप सुतळीवर घ्यायचा, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या चपला अशा आल्या असतील. पण सुतळी का, तर पोर घरी आणि बाजार लांब. इथं पोरगी दुकानात उभी, पाय तिच्या अंगालाच आहेत, आणि माप कागदाचं! क्लॉडेटनं म्हातारपणी मुलाखतींत हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, बसचं सांगायच्या आधी बुटांचं. मला तिचं हे फार पटतं. कायदा बियदा मोठ्या माणसांना कळतो, पोराला बूट कळतो.

तर त्या दिवशी शाळा लवकर सुटली. मैत्रिणींबरोबर बसमध्ये चढली. बसचा नियम असा की पुढच्या दहा सीट गोऱ्यांच्या. रिकाम्या असल्या तरी गोऱ्यांच्या. मागं ब्लॅक लोक. आणि पुढचं भरलं की ड्रायव्हर मागच्यांनाही उठवणार, आणि एकाला नाही, अख्खी रांग उठवणार, कारण गोरं माणूस आणि ब्लॅक माणूस एका रांगेत बसले तर आभाळ कोसळेल ना. क्लॉडेट आपली मागच्या भागात, खिडकीशी बसलेली. एक गोरी बाई येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं आरशातून बघत हुकूम सोडला. तिघी मैत्रिणी उठल्या. क्लॉडेट उठली नाही. म्हणजे बघा, तीन सीट रिकाम्या झाल्या तरी ती बाई बसली नाही! बसायची अडचण नव्हतीच. ह्या पोरीच्या रांगेत बसायची अडचण होती.

मग एक गरोदर बाई, ब्लॅक, शेजारपाजारची, ती येऊन क्लॉडेटजवळ बसली आणि म्हणाली मीही नाही उठणार. पोलीस आले. पोटुशी बाईला ओढायचं कसं, म्हणून मागच्या एका पुरुषाला उठवून तिची सोय केली, आणि मग वळले पोरीकडं. क्लॉडेट रडत होती, पण सांगत होती की मी तिकीट काढलंय, हा माझा घटनेनं दिलेला हक्क आहे. फेब्रुवारीभर शाळेत बाईंनी त्यांच्या लोकांचा इतिहास शिकवला होता, हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रुथ, गुलामीतून सुटून दुसऱ्यांसाठी झटणाऱ्या. क्लॉडेट पुढं सांगायची, मला वाटलं त्या दोघींचे हात माझ्या दोन्ही खांद्यांवर आहेत आणि मला खाली दाबून बसवतायत. दोन पोलिसांनी मनगटं धरून उचलली, वह्यापुस्तकं इकडंतिकडं सांडली, बेड्या घातल्या, आणि गाडीत रस्ताभर तिच्या अंगावरून घाणेरडं बोलत नेली. पंधरा वर्षांची पोर, परत सांगते, पंधरा. आणि नेली कुठं, तर मोठ्या माणसांच्या जेलमध्ये. कुलपात किल्ली फिरल्याचा तो आवाज तिच्या कानातून आयुष्यभर गेला नाही.

आता कोठडीत तिनं काय केलं माहितीये? पाठांतर म्हटलं. शाळेत पाठ केलेली एडगर अ‍ॅलन पो या कवीची कविता, शेक्सपिअरच्या नाटकातली पात्रं, प्रभूची प्रार्थना, आणि तेविसावं स्तोत्र, जे आपल्या वसईच्या नाहीतर नगरच्या ख्रिस्ती मंडळींनाही तोंडपाठ असतं. डोकं ठिकाणावर राहायला हेच एक होतं तिच्याकडं. म्हणून मी म्हणते, पाठांतराला नावं ठेवू नका. आजकाल शाळेच्या मीटिंगला गेलं की घोकंपट्टी नको घोकंपट्टी नको असं सगळे म्हणतात, अहो घोकंपट्टी वेगळी आणि कविता पाठ असणं वेगळं! मोबाईल काढून घेतल्यावर पोराच्या डोक्यात काय उरतं, ते बघा एकदा. असो. मी वाहवत गेले.

पाद्री जामीन देऊन सोडवून आले. त्या रात्री बाबा बंदूक घेऊन जागे बसले, गोरे लोक जाळायला येतील म्हणून. कोणी आलं नाही. पण कोर्टात तीन आरोप लागले, वेगळं बसायचा कायदा मोडला, शांतताभंग, आणि पोलिसाला मारहाण. अपिलात पहिले दोन काढून टाकले आणि मारहाणीचा तेवढा ठेवला. यातली हुशारी लक्षात आली का? बसच्या कायद्याचा आरोपच काढला, म्हणजे आता त्या कायद्याला वरच्या कोर्टात आव्हान द्यायचं तरी कशावर.

शाळेत काय झालं? काहींनी कौतुक केलं, पण बरीच मुलं टाळायला लागली, ती बघा जेलमध्ये गेलेली. तेव्हा ब्लॅक मुली शाळेला जाताना लोखंडी कंगवा शेगडीवर तापवून केस सरळ करायच्या, तसे केस म्हणजे नीटनेटकं. क्लॉडेटनं एक दिवस केस धुतले आणि सरळ करायचे सोडून दिले. तशाच घट्ट वेण्या घालून शाळेत. लोक म्हणाले, पोरगी बिघडली.

आणि आता ते दुखरं. १ डिसेंबर १९५५ ला, म्हणजे नऊ महिन्यांनी, त्याच गावात रोझा पार्क्स बसमधून उठल्या नाहीत, आणि ब्लॅक लोकांचा बसवर ३८१ दिवसांचा बहिष्कार झाला, ते जगाला माहिती आहे. रोझाबाई बेचाळीस वर्षांच्या, शिवणकाम करणाऱ्या, शांत, सगळ्यांच्या आदरातल्या. आणि त्या क्लॉडेटला ओळखायच्या बरं का, आपल्या युवक मंडळात तिला सेक्रेटरी केलं होतं त्यांनी. मग क्लॉडेटचं नाव घेऊन बहिष्कार का नाही झाला? पुढारी म्हणाले वय लहान आहे, तोंडाळ आहे. किंग हिलची आहे. नंतर दिवस गेले, लग्न नाही, मग तर विषयच संपला. आणि क्लॉडेट स्वतः सांगायची की माझा रंगही आड आला, मी जास्त काळी. ब्लॅक लोकांतच! आता यावर आपण फार मान हलवू नये, आपल्या लग्नाच्या जाहिरातीत गोरी, सडपातळ, सुस्वरूप अजून छापून येतं, आणि ज्यांच्या घरात दोन मुली आहेत, एक उजळ एक सावळी, त्यांना मी काय सांगायचं.

ऑक्टोबरमध्ये अजून एक मुलगी अशीच पकडली होती, मेरी लुईज स्मिथ, अठरा वर्षांची. तिच्या बापाबद्दल दारूड्या म्हणून आवई उठवली, घरचे म्हणत राहिले हे धादांत खोटं आहे. तीही बाजूला. म्हणजे एकाच वर्षात, एकाच गावात, दोन पोरी रोझाबाईंच्या आधी. आणि दोघींना मागं ठेवायची कारणं वेगळी. मी म्हटलं होतं ना परत येणार म्हणून.

पण गंमत ऐका. बहिष्कारानं बस कंपनीचं कंबरडं मोडलं हे खरं, पण कायदा कशानं पडला? फेब्रुवारी १९५६ मध्ये फ्रेड ग्रे या तरुण वकिलानं केंद्रीय कोर्टात जो खटला घातला त्यानं. त्यात चार बायका वादी, आणि त्यात दोघी आपल्या, मेरी लुईज आणि क्लॉडेट! मार्चमध्ये क्लॉडेटला मुलगा झाला आणि मे महिन्यात ती साक्षीला उभी. समोरचा वकील तिच्या तोंडून वदवायला बघतोय की हे सगळं बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुम्हाला शिकवलं, तुमचा पुढारी कोण सांग. ती म्हणाली, आमचे पुढारी आम्हीच. बाळंतपणाला दोन महिने झालेले नाहीत, वय सोळा. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं निकाल कायम केला आणि डिसेंबरात बस सगळ्यांना मोकळी झाली.

क्लॉडेटला गावात काम मिळेना. १९५८ मध्ये न्यूयॉर्कला गेली, मॅनहॅटनला वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये नर्सच्या हाताखाली काम करत राहिली, २००४ ला रिटायर. शेजारणींना पत्ताही नसेल ही कोण. आणि त्या खटल्यात तिच्यावर लावलेलं प्रोबेशन, म्हणजे कोर्टाची देखरेख, संपलं असं कोणी कधी कळवलंच नव्हतं! शेवटी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, २०२१ मध्ये, तिनं अर्ज केला आणि बाल न्यायालयानं ते रेकॉर्ड पुसलं. बाल न्यायालय, ब्याऐंशी.

घड्याळ बघतेय, फार वेळ गेला क्लॉडेटवर. बाकीची पोरं पटापट.

बराक ओबामा घ्या. हवाई बेटांवरचं होनोलुलू, १९७० चं दशक. आजी-आजोबा गोरे, त्यांच्याकडं राहणं, भारी शाळेत स्कॉलरशिपवर, वर्गात ब्लॅक मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बास्केटबॉल आणि सुट्टीत आईस्क्रीमच्या दुकानात नोकरी. त्याच काळात शिकागोच्या साउथ साइडला मिशेल रॉबिन्सन, गल्ली सगळी ओळखीची, माणसं बहुतेक ब्लॅक, वडील पालिकेच्या पाण्याच्या प्लांटवर कामाला आणि चालायला काठी घेणारे, आणि चांगली शाळा लांब म्हणून बसनं रोज तासन् तास. एकाला आपण ब्लॅक म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न. दुसरीला तो प्रश्न घरात कधी पडलाच नाही, तिला प्रश्न बस चुकायचा. पुढं लग्न झालं दोघांचं, ते सोडा.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष, हक्कांसाठी बंदूक घेऊन उभा राहिलेला, १९६६ चा, आपल्याकडं १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तिनं नाव तिथूनच घेतलं, हे बऱ्याच जणांना माहिती असतं. पण त्या पँथरांनी १९६९ पासून शाळेच्या आधी पोरांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली, हे सांगितलं की लोक बघत राहतात. तिथल्या कितीतरी पोरांना पँथर म्हटलं की आठवते ती सकाळची अंडी आणि टोस्ट, बंदूक नंतर.

आणि आत्ताचं बघा. फ्लोरिडात २०१२ मध्ये ट्रेव्हॉन मार्टिन, सतरा वर्षांचा, दुकानातून खायच्या गोळ्या आणि सरबत घेऊन परत येताना वस्तीवर पहारा ठेवणाऱ्या एका माणसाकडून मारला गेला, हुडी घातली होती म्हणून लोक हुडीवर वाद घालत बसले. तेव्हापासून, आणि खरं तर त्याच्या कितीतरी आधीपासून, ब्लॅक घरांत पोरगं गाडी शिकलं की आईबाप लायसन्सच्या आधी दुसरंच शिकवतात. पोलिसानं थांबवलं तर हात स्टिअरिंगवर, दिसतील असे. उलट बोलायचं नाही. खिशात हात घालायच्या आधी सांगायचं की घालतोय. मिनियापोलिसला मे २०२० मध्ये डार्नेला फ्रेझियर, तीही सतराच, नऊ वर्षांच्या नात्यातल्या बहिणीला घेऊन दुकानात चाललेली, तिनं पोलिसानं मानेवर गुडघा दाबून मारलेल्या जॉर्ज फ्लॉइडचं जे झालं ते फोनवर उतरवलं आणि हात हलू दिला नाही. पुढच्या वर्षी पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार देणाऱ्यांनी तिचा खास सन्मान केला. सन्मान बरोबरच आहे, पण त्या वयात पोरीनं डोळ्यांपुढं काय बघितलं.

शेवटचं, केसांचं. लंडन ऑलिम्पिक २०१२, गॅबी डग्लस सोळा वर्षांची, जिम्नॅस्टिक्समध्ये ऑलराउंड सुवर्ण, अशी पहिली ब्लॅक मुलगी, आणि ट्विटरवर चर्चा कसली तर केस नीट बांधले नव्हते! त्यात ब्लॅक बायकाही होत्या बोलणाऱ्या. डिसेंबर २०१८ ला न्यू जर्सीत एका सोळा वर्षांच्या पैलवानाला रेफ्रीनं सांगितलं की ह्या जटा काप नाहीतर कुस्ती सोड, आणि मॅटशेजारी, भर हॉलमध्ये, कात्रीनं केस कापले. पोरगं कुस्ती जिंकलं, चेहरा मात्र हरल्यासारखा, व्हिडिओ निघालाय, बघवत नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं पहिल्यांदा कायदा केला की केसांच्या ठेवणीवरून शाळेत नोकरीत भेदभाव नको, आणि पैलवानाच्या प्रकाराला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी सही केली. एडिसनला नाहीतर जर्सी सिटीला ज्यांची नातवंडं आहेत त्यांनी रविवारच्या व्हिडिओ कॉलवर विचारा त्यांना, वर्गात कोणाच्या वेण्यांवरून काही होतं का. आणि "काळ्यांच्या पोरांत फार मिसळू नको" हे जे आपण इकडून हळूच सांगतो ना, ते सांगायच्या आधी शेजारच्या खोलीत कोण ऐकतंय ते बघा, कारण तिकडच्या पोरांना मराठी आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं.

चला, काचेपलीकडून हात दाखवतायत, माझी वेळ झाली. पुढच्या भागात लिटल रॉकची एलिझाबेथ एकफर्ड, घरात टेलिफोन नव्हता म्हणून जिच्यावर काय वेळ आली ते. नमस्कार.