डुलणारं घर: टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर आणि त्याच्या खालची कामं

(दृश्य: हायवेलगतचा वजनकाटा. वाळूच्या डंपरच्या मागे रांगेत एक पांढरी ट्रॅव्हलर.)

ही गाडी काट्यावर आलीय पण आत माल नाहीये. आत बेड आहे, सिंक आहे, फ्रीज आहे, पाण्याची टाकी, छतावर सोलर आणि एसी. काट्यावरचा माणूस विचारतो, माल काय? मालक म्हणतात, घर आहे. तो काही बोलत नाही, पावती फाडतो.

तक्रार काय, तर गाडी डुलते. सत्तरच्या वर गेलं की डुलते, शेजारनं व्होल्वो गेली की आधी बाहेर ढकलल्यासारखी होते आणि मग आत ओढली जाते, स्टिअरिंग सारखं थोडं थोडं सावरत बसावं लागतं आणि पुण्याहून कोल्हापूरला पोचेपर्यंत खांदे भरून येतात. वहिनींची तक्रार वेगळी आहे, मागे आडवं पडलं की प्रत्येक स्पीडब्रेकरला माणूस बेडवरून वर उडतो. गंमत म्हणजे या दोन्ही तक्रारींवर गॅरेजमध्ये एकच सल्ला मिळतो, दोन पाटे, म्हणजे वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, वाढवून टाका. पाटे वाढवले की डुलणं थोडं कमी होतं, आणि वहिनी आधीपेक्षा जास्त उंच उडतात.

म्हणून आधी काटा. आणि नुसतं पूर्ण गाडीचं वजन नाही. पुढची चाकं फक्त काट्यावर घ्यायची, आकडा लिहायचा, मग पूर्ण गाडी, मग पुढची चाकं खाली उतरवून फक्त मागची. काटेवाला ऐकणारा असेल तर एकदा डावी बाजू काट्यावर आणि उजवी बाहेर, असंही करून घ्यायचं, जागा सपाट असली पाहिजे मात्र. टाकी भरलेली, सिलिंडर जागेवर, कपडेलत्ते, भांडी, सगळं आत. रिकामी गाडी तोलून काही कळत नाही, रिकाम्या गाडीतून कोण फिरायला जातं? मग आरसीवरचं ग्रॉस व्हेईकल वेट, म्हणजे सगळं भरून गाडीचं जास्तीत जास्त चालणारं वजन, बघायचं आणि गाडीच्या प्लेटवर दोन्ही अ‍ॅक्सलची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दांड्यांची, मर्यादा दिलेली असेल तर तीही.

(दृश्य: जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, लग्नाचं वऱ्हाड उतरतंय.)

आता ही गाडी मुळात काय आहे ते बघू. बजाज टेम्पो, म्हणजे २००५ पासूनची फोर्स मोटर्स, कंपनी आपल्या आकुर्डीची, गाडी बनते पीथमपूरला, मध्य प्रदेशात. डिझाइनचं मूळ मर्सिडीजच्या टी-वन व्हॅनमध्ये. वऱ्हाड, शाळा, अष्टविनायक, अ‍ॅम्ब्युलन्स, सगळीकडे हीच. कॅम्परला लोक ही का घेतात, तर हाय रूफ घेतली की आत उभं राहता येतं, पार्ट तालुक्याच्या गावी मिळतो आणि ती उघडून बसवणारा मिस्त्री कुठेही सापडतो. स्पितीला जा नाहीतर गडचिरोलीला.

पण प्रवासी गाडीत माणसं चढतात, उतरतात, परतीला गाडी बऱ्याचदा रिकामी असते. घर मात्र उतरत नाही. पाट्यांवर चोवीस तास तेच वजन, गाडी सोसायटीत उभी असली तरी. काही वर्षांनी पाट्यांची कमान बसते, मागची बाजू खाली येते, समोरून येणारा हेडलाईट डोळ्यात जातो म्हणून शिव्या घालतो, आणि आपल्याला वाटतं बल्बचा प्रॉब्लेम.

आणि वजन नुसतं किती आहे त्यापेक्षा ते कुठे आहे यात खरी मेख आहे. समजा मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे, अगदी बूटमध्ये, तुम्ही १०० किलो सामान ठेवलं. व्हीलबेस, म्हणजे दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर, ३.७ मीटर धरा. तर मागच्या अ‍ॅक्सलवर १०० नाही, १२७ किलो वाढतात, कारण पुढचा अ‍ॅक्सल २७ किलोने उचलला जातो. सी-सॉ आहे तो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं लागतं, मालक खूश होतात की अरे वा किती स्मूथ, आणि हायवेला तीच गाडी लेनमध्ये राहत नाही. मागे बॅटऱ्या, मागे पाणी, मागे सायकली आणि स्टेपनी, असे कॅम्पर आपल्याकडे भरपूर दिसतात, कारण मागे जागा असते ना, बाकी काही कारण नाही.

(दृश्य: गाडीच्या आत, सुतार कपाट खोलतोय.)

घरचं फर्निचर करणारा सुतार गाडीत आला की तो घरच करतो. अठरा एमएमचा चांगला वॉटरप्रूफ प्लाय, आठ बाय चारची एक शीट साधारण ३२ ते ३७ किलोची, वरून सनमाईका, आणि हौस असेल तर ग्रॅनाईटचा ओटा! ओट्याखाली फ्रीज, शेजारी टाकी, सगळं एकाच बाजूला, आणि मग गाडी उभी असताना पण एका अंगाला झुकलेली. इथे काय केलं, तर कपाटांची दारं नऊ एमएमची केली, आतला सांगाडा अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा, ग्रॅनाईट काढला. तो काढताना मालकांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण निघाला.

पाण्याचा हिशोब सोपा, एक लिटर म्हणजे एक किलो. १५० लिटरची टाकी म्हणजे दोन धडधाकट माणसं कायम गाडीत बसलेली, आणि टाकी अर्धी असेल तर ती माणसं वळणावर या खिडकीतून त्या खिडकीत धावतात. म्हणून टाकी दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये, जमेल तितकी खाली, आणि आत आडव्या पट्ट्या हव्यात. मुक्कामाच्या गावी पाणी मिळणारच असेल तर निघताना काठोकाठ भरायची गरजही नसते.

बॅटरीचं बोलू. घरच्या इन्व्हर्टरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या होत्या, दीडशे एएचच्या, एकेक पन्नास-साठ किलोची. त्या लेड अ‍ॅसिडच्या, आणि लेड अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे दोन्ही मिळून हाताशी साधारण १.८ युनिट. त्याजागी २०० एएचची एक लिथियम फॉस्फेट, साधारण २५ किलोची, आणि ८० टक्के वापरली तरी दोन युनिट मिळतात. महाग आहे, हो. पण मागच्या टोकाचे ऐंशी-नव्वद किलो गेले, तेवढ्या पैशात सस्पेन्शनचा कुठलाही पार्ट इतका फरक पाडत नाही असं माझं मत आहे. फक्त चार्जिंग लिथियमसाठीचं घ्यावं लागतं, अल्टरनेटरवरून थेट वायर ओढली तर अल्टरनेटर तापतो, मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा.

(दृश्य: गॅरेजचा खड्डा. मिस्त्री टॉर्च घेऊन खाली.)

मिस्त्री पहिल्यांदा टायर बघतो. गोटी, म्हणजे टायरवरची नक्षी, अजून भरपूर आहे. पण बाजूला चार आकडे असतात, २३१६ असेल तर २०१६ चा तेविसावा आठवडा. कॅम्परचा टायर झिजून नाही मरत, उभा राहून मरतो, उन्हाने रबर कडक होतं, बारीक चिरा पडतात आणि भर दुपारच्या हायवेला फुटतो. सहा-सात वर्षं झाली की गोटी कितीही असो, बदलायचा. हवा पण अंदाजाने नाही, अ‍ॅक्सलचं वजन आता माहिती आहे, टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला किती हवा ते बघायचं आणि सकाळी थंड टायरमध्ये भरायची. कमी हवा असेल तर साईडवॉल लवचते आणि गाडी डुलते, जास्त असेल तर दणके बसतात. मागे जोडचाकं असतील तर आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून ते महिनोन्‌महिने कुणी तपासत नाही, एक्स्टेन्शन लावून घ्या, दोन-तीनशेचं काम आहे.

"साहेब, इकडं या, हे बघा." मिस्त्री पहार लावून शॅकलचं बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, हलवून दाखवतो. रबर संपलंय. पाटा जिथे चासीला लटकतो तिथलं बुश गेलं की अ‍ॅक्सल चासीखाली आडवा सरकायला लागतो, म्हणजे तुम्ही स्टिअरिंग सरळ धरलंय आणि मागची चाकं स्वतःच थोडीथोडी दिशा बदलतायत. व्होल्वो शेजारून गेल्यावर जी ओढ लागते त्यातली बरीचशी इथली. अँटी-रोल बार, म्हणजे गाडी एका बाजूला झुकू न देणारा दांडा, त्याची बुशं पण तशीच, चावलेली. पुढे टाय रॉड एंडला, म्हणजे स्टिअरिंगच्या सांध्याला, प्ले, म्हणजे ढिलेपणा. एकही अपग्रेड न घेता निम्मी तक्रार या खड्ड्यातच सापडली आणि बुशांचं बिल बॅटरीच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं झालं.

शॉकअपबद्दल एक गैरसमज फार आहे. शॉकअप वजन उचलत नाही, वजन पाटे उचलतात. शॉकअपचं काम पाट्याची उडी थांबवणं. एकाला तेलाची ओल दिसली, तर जोडीने बदलले. मागचे पाटे उतरवून पाटेवाल्याकडे नेले, त्याने कमान परत दिली, एक तुटलेलं पान, म्हणजे पाट्यातली पट्टी, बदललं. पान वाढवलं नाही, कारण वजनच कमी झालंय. पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवीन टाकले, जुने एकदा ताणले गेले की परत वापरायचे नसतात, आणि शेदोनशे किलोमीटर चालवून पुन्हा आवळायचे. चाकाचे नट पण.

अमेरिकेत फोर्डच्या एफ-५३ चासीवर मोठमोठे पेट्रोल मोटरहोम बनतात, बसएवढे, तिथले मालक एक फुकटातला उपाय सांगतात. अँटी-रोल बारच्या टोकाला दोन भोकं असतात, लिंक बाहेरच्या भोकातून काढून आतल्या भोकात लावायची. दांड्याचा हात आखूड झाला की तोच बार जास्त कडक वागतो. आपल्या ट्रॅव्हलरला असं करू नका, भोकं पाडत बसू नका. सांगायचं इतकंच की तिथेही लोक हजारो डॉलरच्या किटच्या आधी पाना घेऊन खाली सरपटतात.

एअरबॅग, म्हणजे पाट्याला मदत करणारी हवेची उशी, मागच्या बाजूला बसवता येते. मागची बसकी बाजू उचलते, डाव्या-उजव्याला वेगळी हवा भरून झुकलेली गाडी सरळ करता येते, चांगली गोष्ट आहे. पण त्याने गाडीची वजनाची मर्यादा एक किलोनेही वाढत नाही. अ‍ॅक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच. आणि चाकांचं अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, टाकी भरून, सामान भरून. बुशं बदलायच्या आधी केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

(दृश्य: ताम्हिणी घाट, उतार.)

घाटात एकच बघायचं, ब्रेक. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, दुसरा तर दुसरा, मागचे हॉर्न वाजवू देत. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदललं नाही तर लांब उतारावर ते पाणी उकळतं आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. कोकणातून परत आलं की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची, खारा वारा चासीला खातो.

आत काय केलं? आवाजाचं म्हणाल तर निम्मा आवाज इंजिनाचा नव्हताच, भांड्यांचा होता. ताटांच्या मध्ये जुन्या चादरीचे तुकडे, ड्रॉवरला दाबून उघडणारी कुलपं, आणि पत्र्याच्या मोठ्या सपाट भागांना बुटाईल शीट, पूर्ण पत्र्याला नाही, थोडी थोडी लावली तरी पत्रा घुमायचा थांबतो. उन्हासाठी छताला आतून नायट्राईल फोम आणि वर बारा व्होल्टचा फॅन, जो गरम हवा बाहेर फेकतो. मे महिन्यात मालवणला एसीपेक्षा हा फॅन जास्त वेळ चालतो, बॅटरी पण खात नाही. वहिनींचा बेड एक फूट पुढे आणला, अ‍ॅक्सलच्या मागे लटकत होता तो अ‍ॅक्सलच्या वर आला, उडणं जे कमी झालं त्यात पाट्यांइतकाच वाटा याचा.

गॅसचा डिटेक्टर फ्रीजच्या वर लावला होता, कुणीतरी दिसायला छान म्हणून. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, डिटेक्टर जमिनीलगतच हवा. केशरी सुरक्षा नळीवर तारीख असते, पाच वर्षांनी बदलायची, आणि गाडीत ती हलते, घासते, त्यामुळे त्याआधीच बघत राहायचं. जूनच्या आधी छतावर चढून फॅन, एसी, सोलरच्या कडांचं सीलंट तपासायचं, साधं सिलिकॉन नाही, पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन. प्लायमध्ये पाणी गेलं की वास येईपर्यंत कळत नाही.

कागदांचं पण बोलायला हवं. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे आहे त्यापासून गाडी हवी तशी बदलता येत नाही. मोटर कॅरावॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण धोरण आहे म्हणून तुमच्या सोसायटीत केलेला बेड आपोआप आरसीवर चढत नाही. आरटीओत आधी विचारून घ्यायचं आणि इन्शुरन्सवाल्याला पण कळवायचं, नाहीतर क्लेमच्या वेळी तोच सर्व्हेअर विचारतो, सतरा सीटच्या गाडीत सिंक कुठून आलं?

(दृश्य: परत तोच वजनकाटा. मालक पावती वाचतायत.)

पुढचा अ‍ॅक्सल थोडा जड झालाय, मागचा बराच हलका, डावी-उजवी जवळपास सारखी. मालक म्हणतात, आता तीन सायकली मागे टांगता येतील. मिस्त्री त्यांच्याकडे नुसता बघतो. वहिनी म्हणतात, एकच, आणि तीही आत ठेवायची.