बॉक्सरची जोड कोण ठरवतं? जॅकी कॅलन आणि मॅनेजरचं खरं काम

नमस्कार मंडळी!

आपल्या बडोद्यात, सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये, सुमारे 1200 किलोचा एक दगड आहे. 1902 साली गामा पहिलवानानं तो उचलला असं सांगतात. गामाचं नाव तुम्हाला माहीत आहेच. पण 1910 मध्ये गामा लंडनला गेला, तिथे उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात, तेव्हा त्याच्याबरोबर आर. बी. बेंजामिन नावाचा माणूस होता. गामाच्या त्या दौऱ्याची सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती. हे नाव किती जणांनी ऐकलंय?

आज मला अशाच पडद्यामागच्या माणसाबद्दल बोलायचंय. फक्त ही बाई आहे, खेळ बॉक्सिंगचा आहे आणि गाव अमेरिकेतलं डेट्रॉइट. नाव जॅकी कॅलन.

2004 मध्ये तिच्या आयुष्यावर बेतलेला एक हॉलिवूडपट आला, 'अगेन्स्ट द रोप्स'. मेग रायन नायिका, चार्ल्स डटन दिग्दर्शक, आणि ट्रेनरच्या भूमिकेतही तोच. चित्रपट फारसा चालला नाही. मला तो आवडतो, पण त्याच्याशी माझं एक भांडण आहे. ते कळायला आधी मॅनेजर करतो काय, हे समजून घ्यावं लागेल.

आपल्याकडे बॉक्सिंग म्हटलं की मेरी कोम, लवलीना, निखत झरीन आठवतात. ते ऑलिंपिकचं बॉक्सिंग. तिथे ड्रॉ निघतो, समोर कोण येणार ते तुमच्या हातात नसतं, आणि तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत निकाल लागतो. व्यावसायिक बॉक्सिंगचं जगच वेगळं. जागतिक किताबाची लढत बारा फेऱ्यांची, आणि बॉक्सर वर्षातून दोन-चार वेळाच रिंगणात उतरतो. मग कोणाशी, कधी, कुठे आणि किती पैशांत लढायचं, हे कुणीतरी ठरवायला लागतं.

आखाड्यात गेलेल्यांना हे चटकन कळेल. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, प्रो. माणिकरावांमुळे गावोगाव पोचलेलं. तिथल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, कुस्ती अर्धी जिंकली जाते ती जोड ठरवताना. कोवळ्या पोराला दांडग्या मल्लापुढे टाकलं तर ते वर्षभर उठत नाही. सारखं हलक्या जोडीशीच लढवलं तर कधी तयार होत नाही. वस्तादाची नजर लागते ती इथे. बॉक्सिंगच्या मॅनेजरकडेही हीच नजर लागते, वर करारांचे कागद वाचायची अक्कलही.

आता तीन माणसं वेगळी करू, कारण लोक इथेच गोंधळतात. ट्रेनर लढायला शिकवतो. प्रमोटर लढत भरवतो, हॉल घेतो, तिकिटं विकतो, टीव्हीशी बोलतो. आणि मॅनेजर हा बॉक्सरचा माणूस. प्रमोटरला बॉक्सर स्वस्तात हवा असतो, मॅनेजरनं त्याची किंमत वाढवायची असते. हे दोघं एकाच खिशातून जेवायला लागले की बॉक्सर मेलाच. अमेरिकेत हे इतकं झालं की 2000 साली मुहम्मद अलीच्या नावानं कायदाच करावा लागला, मॅनेजर आणि प्रमोटर यांचे हितसंबंध वेगळे ठेवणारा. मॅनेजरचा वाटा साधारण एक तृतीयांशापर्यंत जातो, ट्रेनरचा दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे समजा बॉक्सरला एक लाख मिळाले, तर ह्या दोघांनाच त्रेचाळीस हजारांपर्यंत जाऊ शकतात. कर, सराव, प्रवास बाजूलाच. असा वाटा घेणाऱ्यानं तो कमवावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

जॅकी कॅलननं तो कसा कमावला ते बघा.

ती पत्रकार होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी थॉमस हर्न्स नावाच्या तरुण बॉक्सरच्या निमित्तानं ती ह्या खेळात ओढली गेली. डेट्रॉइटच्या क्रॉंक जिममध्ये इमॅन्युएल स्टुअर्ड त्याला घडवत होते. कॅलन हर्न्सच्या प्रसिद्धीचं काम बघू लागली. म्हणजे कित्येक वर्षं ती रिंगच्या अगदी कडेला होती. कोण दमतोय, कोण बढाया मारतोय, कोणाला कोण फसवतंय, हे सगळं जवळून बघत. तिथून ती मॅनेजर झाली. त्या काळी ह्या धंद्यात बाया जवळजवळ नव्हत्याच.

तिच्याकडे आला जेम्स टोनी. हट्टी डोक्याचा, रागीट, पण बचाव असा की समोरच्याचा ठोसा इंचभरावरून जावा.

10 मे 1991. मिडलवेट, म्हणजे 160 पौंडांची, साधारण साडेबहात्तर किलोंची मर्यादा. जागतिक किताब देणाऱ्या आयबीएफ ह्या संघटनेचा विजेता मायकेल नन, 36 लढतींत एकही हार नाही. डावखुरा, उंच, चपळ. लढत कुठे? आयोवातल्या डेव्हनपोर्टला, ननच्या स्वतःच्या गावात! टोनी 22 वर्षांचा, आणि सट्टेबाजांनी त्याला मोजलंच नव्हतं.

इथे थांबा. अशी लढत घ्यायची की नाही? घाबरट मॅनेजर म्हणेल, अजून वर्षभर थांबू. हावरा म्हणेल, पैसे येताहेत, चल. तिसरा विचार असा असू शकतो, की नन सुरुवातीला नाचवेल, गुणांवर पुढे जाईल, पण टोनी खमका आहे, थकणारा नाही, आणि शेवटच्या फेऱ्यांत ननचे पाय जड होतील. कॅलनच्या मनात नेमकं काय होतं ते मी सांगू शकत नाही, रिंगणात घडलं ते सांगते. नन गुणांवर पुढे होता. अकराव्या फेरीत टोनीचा डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेला ठोसा, बसला, नन खाली गेला, उठला, आणि टोनीनं लढत तिथेच संपवली. गावकऱ्यांसमोर गावचा राजा पडला.

आता माझं भांडण. चित्रपटात गाव क्लीव्हलंड केलंय, बॉक्सर ल्यूथर शॉ हा काल्पनिक आहे. त्याबद्दल तक्रार नाही, नाटकाला तेवढी मोकळीक हवी. पण चित्रपटातली जॅकी प्रसिद्धीच्या मागे लागते, कॅमेरे स्वतःकडे वळवते आणि त्यामुळे तिचा बॉक्सर दुखावतो. तो तिचा दोष म्हणून दाखवलाय. अहो, प्रसिद्धी हेच तर तिचं हत्यार होतं! ज्याचं नाव पेपरात नाही, त्याला टीव्हीवाले पैसे देत नाहीत. पुरुष मॅनेजर माईकसमोर गर्जना करतो तेव्हा त्याला धूर्त म्हणतात. बाईनं तेच केलं की ती मिरवते. पत्रकारितेत कमावलेली तिची जाण चित्रपटानं हौस करून टाकली, आणि हे मला खरोखर खुपतं. वर्तमानपत्राचा मथळा कसा होतो हे जिला आतून ठाऊक होतं, तिनं ते ज्ञान बॉक्सरच्या मानधनात बदललं. ही गोष्ट सांगण्यासारखी होती.

मॅनेजरचं सगळं काम चालतंच असंही नाही. 1993 मध्ये टोनीनं आयरन बार्कलीला हरवून वरच्या वजनगटाचा, सुपर मिडलवेटचा, किताबही घेतला. पण वजनाशी त्याची कायमची लढाई. 18 नोव्हेंबर 1994 ला रॉय जोन्स ज्युनिअरसमोर उतरण्याआधी वजन उतरवता उतरवता त्याची दमछाक झाली होती, आणि जोन्सनं त्याला एकतर्फी हरवलं. टोनीची ती पहिली हार. वजन उतरवणं म्हणजे शरीरातलं पाणी काढणं, आणि त्यानंतर बारा फेऱ्या लढायच्या. बॉक्सरच्या ताटात काय जातंय हेही मॅनेजरच्या चिंतेचं असतं. पण ते हातात ठेवायला बॉक्सरनं ऐकायला हवं ना! त्या पराभवानंतर दोघांची वाट वेगळी झाली.

कॅलन एकटी नव्हती, तिच्या आधी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक ऑडिटोरियममध्ये आयलीन ईटन ही बाई कित्येक वर्षं लढती भरवत होती. बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये मान मिळवणारी ती पहिली स्त्री, 2002 मध्ये. कॅलनचं नाव तिथे 2024 ला लागलं.

टोनी आणि ननची लढत शोधून बघा. पहिल्या काही फेऱ्यांत फक्त ननचे पाय बघा, तो किती सहज सरकतो ते. मग टोनी त्याच्या बरगड्यांवर कसे ठोसे ठेवतो तिकडे लक्ष द्या, आणि फेऱ्या पुढे जाताना पुन्हा ननच्या पायांकडे या. दर फेरी संपली की व्हिडिओ थांबवून ठरवा, टोनीचे मॅनेजर तुम्ही असता तर कोपऱ्यात त्याला काय सांगितलं असतं. तुमचं उत्तर खाली लिहा, मी वाचते.