वळिवडेची गोष्ट पुरी सांगूया

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'राजकीय मिथकं आणि राष्ट्रांमधलं सहकार्य'. तिकडे जायचंच आहे. पण कोल्हापुरात उभं राहून या विषयावर बोलायचं आणि वळिवडेला वळसा घालून जायचं, हे मला जमणार नाही.

1943 ते 1948 या काळात पोलंडचे सुमारे 5,000 निर्वासित इथे कोल्हापूरजवळ वळिवडेच्या छावणीत राहिले, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. महावीर उद्यानातला स्तंभ आपण सगळ्यांनी पाहिलाय. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे, ऑगस्ट 2024 मध्ये आपले पंतप्रधान तिथे जाऊन आले. ऊर भरून यावा अशीच ही गोष्ट आहे. माझी तक्रार आहे ती अर्धी सांगितली जाते याची.

मध्यंतरी एका समारंभात वक्त्यांनी ठणकावून सांगितलं, "राजर्षी शाहू महाराजांनी पोलंडच्या लेकरांना पोटाशी धरलं!" टाळ्यांचा कडकडाट. अहो, शाहू महाराज 1922 सालीच गेले. त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज 1940 साली गेले. 1943 मध्ये गादीवर दत्तक घेतलेलं लहान मूल होतं आणि कारभार रीजन्सीकडे, म्हणजे राजा लहान असताना त्याच्या वतीनं राज्य चालवणाऱ्यांकडे होता. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठून हे सांगितलं, तर म्हणाले, "सर, भावना समजून घ्या."

भावना समजली. पण हे घडतं कसं तेही समजून घेऊ. जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला तो जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी, स्वतः. वॉर्सात त्यांच्या आठवणीसाठी चौक आहे. मग आपल्या गोष्टीतही एक दयाळू राजा हवा. जागा रिकामी दिसली की आपण आपल्या लाडक्या माणसाला तिथे बसवतो, आणि राजा बसला की बाकीच्यांना उठावं लागतं. छावणीचा खर्च लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार उचलत होतं, हे कुणी सांगत नाही. ही माणसं, त्यातही बायका-मुलंच जास्त, हिटलरच्या छळातून आली असं आपण सांगतो. त्यांना 1940-41 मध्ये घरातून उचललं ते सोव्हिएत सत्तेनं. मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. 1942 मध्ये ती इराणमार्गे बाहेर पडली.

आणि 1948 नंतर? त्याच बराकींत फाळणीनं सिंधमधून उखडलेली कुटुंबं आली. लग्नाचा बस्ता बांधायला आपण इथल्या गांधीनगरला जातो ना, तीच ती छावणी! पोलिश पाहुणे आले की आपण हार घेऊन उभे राहतो. पण सिंधी आजीला कुणी विचारलंय का, की आजी, तुम्ही आलात तेव्हा त्या बराकीत काय होतं, चूल कुठे मांडलीत? मला याचा राग येतो. त्या पिढीतल्या आज्या आता उरल्यात किती?

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. मग भराभर सांगतो.

पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट होती तोवर, 1989 पर्यंत, वळिवडेबद्दल उघड बोलणं कठीण होतं. वळिवडे म्हटलं की सायबेरिया आलाच, आणि सरकारी मिथक होतं सोव्हिएत बंधुत्वाचं. 1940 मध्ये रशियातल्या कातिनला आणि इतर ठिकाणी सोव्हिएत पोलिसांनी सुमारे 22,000 पोलिश माणसं मारली, खापर जर्मनांवर फोडलं, कबुली दिली 1990 साली. एप्रिल 2010 मध्ये रशियाचे तेव्हाचे पंतप्रधान पुतिन आणि पोलंडचे पंतप्रधान टस्क कातिनला एकत्र आले. तीनच दिवसांनी कातिनच्याच स्मरणाला निघालेलं पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान जवळच्या स्मोलेन्स्कला कोसळून 96 जण गेले आणि घातपाताची नवी कहाणी उभी राहिली. इतक्या वर्षांच्या खोट्यानंतर मॉस्कोचं खरं कोण मानणार?

उलट जर्मनी आणि पोलंड बघा. 1972 मध्ये युनेस्कोच्या छत्राखाली दोघांच्या इतिहासकारांनी पाठ्यपुस्तकं समोर घेऊन बसायला सुरुवात केली. 1976 साली शिफारशी आल्या, त्यावर पश्चिम जर्मनीत गदारोळ झाला, तरी बसणं थांबलं नाही. पुढे दोन्हीकडच्या शाळांसाठी इतिहासाचं एकच पुस्तक तयार झालं. आपण 1954 मध्ये पंचशील केलं, 'हिंदी-चिनी भाई भाई' म्हटलं, सीमेचा प्रश्न बाजूला ठेवला आणि 1962 बघितलं. अवघड पान आधी उघडा, एवढंच माझं म्हणणं आहे.

पोलंडशी आपलं काही वाकडं नाही, त्यामुळे सुरुवात तिथूनच करता येईल. कोल्हापूरच्या आणि पोलंडच्या शिक्षकांनी मिळून वळिवडेवर एक धडा लिहावा, दोन्हीकडच्या मुलांसाठी. त्यात सायबेरिया हवा, रीजन्सी हवी, लंडनचा पैसा हवा आणि सिंधी कुटुंबं हवीत. मी मसुदा करून आणलाय, प्रती दाराशी ठेवल्यात, चुका दाखवा. आता प्रश्न घेऊ. गांधीनगरहून कुणी आलं असेल तर पहिला प्रश्न त्यांचा.