श्रीलिपी की युनिकोड? हा वाद ‘दऱ्या’ या शब्दापाशी सोडवू

नमस्कार. नाशिकहून आपले स्वागत करतो.

गेल्या काही व्हिडिओंच्या खाली एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत आहे : ‘श्रीलिपी चांगली की युनिकोड चांगले?’ प्रश्न आला की त्याखाली लगेच दोन तट पडतात. एका बाजूला वर्षानुवर्षे डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे काम, करणारी मंडळी असतात, दुसऱ्या बाजूला मोबाइलवर मराठी लिहिणारी तरुण मंडळी असतात, आणि मध्येच कोणीतरी विंडोज आणि लिनक्सचे जुने भांडण उकरून काढतो. मी या विषयावर बोलायचे टाळत होतो, कारण लहान उत्तराने कोणाचेच समाधान होणार नव्हते. आज सविस्तर बोलतो.

मुळात हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. श्रीलिपी हे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीचे सॉफ्टवेअर आहे, तर युनिकोड ही जगातल्या सर्व लिप्यांमधील अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत आहे. या दोहोंची तुलना करणे म्हणजे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उभे राहून ‘एसटी चांगली की डांबरी रस्ता चांगला’ असे विचारण्यासारखे आहे. श्रीलिपीमध्येही आज युनिकोडमध्ये लिहिता येते. खरा वाद आहे तो तुमचा मजकूर संगणकात अक्षर म्हणून साठतो की केवळ अक्षराचे चित्र म्हणून, एवढाच.

संगणक अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये काय होत असे, तेवढे एका उदाहरणाने दाखवतो. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘भारत’ हा शब्द लिहिला, तर संगणकात प्रत्यक्षात मोठा एच, मग लहान के, के, जे आणि आर ही पाच इंग्रजी अक्षरे साठतात. इंग्रजी अक्षरांच्या जागी फॉन्टने मराठी चित्रे बसवलेली असतात, म्हणून आपल्याला ‘भारत’ दिसते. फॉन्ट बदला, की ‘भारत’ नाहीसा होतो आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा उरतो. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे आयएसएम या प्रत्येक सॉफ्टवेअरची चित्रे बसवण्याची रीत वेगळी होती, त्यामुळे एका दुकानातली फाइल शेजारच्या दुकानात वाचता येत नसे. युनिकोडमध्ये मात्र ‘क’चा क्रमांक २३२५ हाच आहे, मग फॉन्ट कोणताही असो, संगणक कोणाचाही असो.

जुन्या कंपन्यांना दोष देणाऱ्या तरुण प्रेक्षकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मायक्रोसॉफ्टने देवनागरीची सोय पहिल्यांदा दिली ती विंडोज २००० मध्ये. त्यापुढच्या एक्सपीवरसुद्धा ती वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी बहुतेक वेळा विंडोजची सीडी शोधावी लागे. त्याआधीची सगळी वर्षे मराठी वर्तमानपत्रे, दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका याच देशी सॉफ्टवेअरवर निघाल्या. माझ्या काकांचे रविवार कारंज्याजवळ पावतीपुस्तके आणि लग्नपत्रिका छापण्याचे दुकान होते आणि बारावीच्या सुट्टीपासून मी तिथे अक्षरजुळणीला बसत असे. पेजमेकर हे पाने जुळवण्याचे सॉफ्टवेअर उघडायचे, मजकूर उतरवायचा, मुद्रिते काढायची. त्या काळात अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या कंपनीने आमचे मराठी अक्षरांचे काम सोपे केले नव्हते. ते पुण्यातल्या लोकांनी केले, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

माझा राग एकाच गोष्टीवर आहे, तो म्हणजे कुलूपबंद मजकूर. दिंडोरी तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यांनी २००४ साली १८० पानांच्या आठवणी एका दुकानात टंकून घेतल्या होत्या. ज्या सॉफ्टवेअरवर त्या टंकल्या, ते संगणकाच्या मागच्या पॅरलल पोर्टला डोंगल, म्हणजे किल्लीसारखे काम करणारे छोटे उपकरण, लावल्याशिवाय चालत नसे. दुकान बंद झाले, संगणक भंगारात गेला, डोंगल कोठे गेले ते कोणाला माहीत नाही. पैसे गुरुजींचे, आठवणी गुरुजींच्या, हस्तलिखित पावसात भिजून गेलेले, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. माणसाने स्वतः लिहिलेला मजकूर वाचण्यासाठी त्याला दुसऱ्याची परवानगी लागावी, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

फॉन्टचे नाव फाइलच्या आत सापडले, तेव्हा मी ते लिखाण कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, युनिकोडमध्ये आणले. गुरुजी शेजारी बसून वाचू लागले आणि तिसऱ्याच पानावर थांबले. त्यांनी लिहिले होते, ‘ब्रह्मगिरीच्या दऱ्यांत आम्ही गुरे शोधत फिरलो.’ पडद्यावर होते, ‘ब्रह्मगिरीच्या दर्यांत आम्ही गुरे शोधत फिरलो.’ त्र्यंबकच्या डोंगरात समुद्र आला होता.

(पडद्यावर मोठ्या अक्षरांत : दर्या – दऱ्या)

आता आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर आघात येतो, आणि तिथे ‘र’चा रफार होतो. ‘दऱ्या’ म्हणताना ‘द’वर आघात येत नाही, आणि तिथे ‘र’ आडव्या, पापणीसारख्या खुणेने ‘य’ला जोडला जातो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकच निमंत्रण देता येत नाही. तऱ्हा, कुऱ्हाड, वाऱ्यावर, गोऱ्हा, वऱ्हाडी मंडळी, हे सगळे याच घरातले शब्द आहेत. लग्नपत्रिकेत ‘वर्हाडी मंडळी’ छापलेले पाहिले की मला पत्रिका परत करावीशी वाटते.

हे अक्षर लिहायचे कसे? इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्डवर साधा ‘र’ जे या कळीवर असतो, आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की खाली टिंब असलेला ‘ऱ’ मिळतो. तो टिंबवाला ‘ऱ’ आधी लिहा, मग डी या कळीवरचा हलन्त, म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह, मग ‘य’. टिंब आपोआप नाहीसे होते आणि ‘ऱ्य’ तयार होतो. मोबाइलवर बहुतेक मराठी कीबोर्डांत ‘र’वर बोट दाबून ठेवले की ‘ऱ’ वर येतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना सुचवण्यांच्या यादीत ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ दोन्ही दिसतात. पहिलीच सुचवणी डोळे मिटून स्वीकारू नका.

एवढे सांगितल्यावर येवल्याच्या एका दादांनी मागच्या वेळी लिहिले होते, ‘मला टिंबवाला र कशाला लागतो? साधा र, हलन्त आणि मग ते अदृश्य जोडचिन्ह टाकले की तेच अक्षर दिसते.’ दादांचे म्हणणे खरे आहे, अक्षर अगदी तेच दिसते. पण संगणकाच्या पोटात पाहा. माझ्या रीतीने २३५३, २३८१ आणि मग ‘य’ साठतो. दादांच्या रीतीने २३५२, २३८१, ८२०५ आणि मग ‘य’ साठतो. डोळ्यांना एकच शब्द दिसतो, पण अक्षरशः तुलना करणाऱ्या संगणकाला ते दोन शब्द आहेत. एखाद्या कार्यालयातल्या यादीत ‘गोऱ्हे’ हे आडनाव एका कारकुनाने पहिल्या रीतीने आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने टंकले, तर शोधताना अर्धे गोऱ्हे सापडत नाहीत. त्या माणसाला ‘तुमचे नाव यादीत नाही’ असे सांगितले जाते, आणि नाव तर समोर पडद्यावर असते. युनिकोडच्या प्रमाणग्रंथात या खुणेसाठी टिंबवाल्या ‘ऱ’ची योजना नोंदलेली आहे, म्हणून मी तीच रीत सगळ्यांना सांगतो.

‘वाचणाऱ्याला संदर्भाने कळते, एवढ्या एका खुणेसाठी कोण अडून बसणार?’ असेही एका ताईंनी विचारले आहे. ताई, तुम्हाला आणि मला कळेल. पण आज मराठी मजकूर केवळ माणसेच वाचत नाहीत. दृष्टिहीन वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर जे लिहिले आहे तेच उच्चारते. भाषांतर करणारे सॉफ्टवेअर ‘दर्या’ पाहून समुद्रच लिहिणार. पुढची पिढी मराठी ज्या शोधयंत्रांतून शोधणार आहे, त्यांनाही आपण आज लिहितो तेच मिळणार आहे. म्हणून सांगतो : कोणतेही नवे सॉफ्टवेअर, कीबोर्ड किंवा कन्व्हर्टर हाती आले, की आधी ‘दऱ्या’ लिहून पाहा. जिथे ‘दऱ्या’ची ‘दर्या’ होते, तिथे पुढचे एकही पान टंकू नका.

जोडीला ‘ॲप’ हाही शब्द लिहून पाहा. मराठीला रोज लागणारा हा ‘ॲ’ युनिकोडच्या तक्त्यात स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची होती. मधली १७ वर्षे लोक ‘अ’वर अर्धचंद्र बसवून काम भागवत राहिले, आणि त्या काळातला मजकूर आजही शोधात नीट सापडत नाही.

‘युनिकोड म्हणजे अमेरिकन कंपन्यांनी आपल्यावर लादलेली गोष्ट’, असे म्हणणाऱ्यांना मी ‘ॲ’च्या बाबतीत पूर्ण पाठिंबा देतो. युनिकोड ठरवणाऱ्या संघटनेत ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांचा आवाज मोठा आहे, आणि आपली अडचण तिथे कोणीतरी चिकाटीने मांडावी लागते. पण देवनागरीचा तक्ता अमेरिकेत जन्मला, हे खरे नाही. तो १९८८ च्या इस्की या भारतीय प्रमाणावरून घेतलेला आहे. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्टसुद्धा र. कृ. जोशी या मराठी कवी आणि सुलेखनकाराने घडवला.

‘युनिकोडचे फॉन्ट देखणे नसतात’ ही तक्रार दहा-पंधरा वर्षांपूर्वी योग्य होती. आज मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ आहे, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ आहे, दोन्ही विनामूल्य आहेत. वापरून पाहा आणि मग बोला.

विंडोज आणि लिनक्सवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या मित्रांसाठी दोनच वाक्ये. मराठी अक्षरे एकमेकांना जोडण्याचे काम क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस या सगळ्यांमध्ये हार्फबझ नावाचे एकच मुक्त सॉफ्टवेअर करते. बाहेर ज्यांच्या नावाने तुम्ही भांडता, ते आत एकाच पंगतीला बसलेले आहेत.

डीटीपीवाल्यांचा एक प्रश्न मात्र अगदी रास्त आहे : ‘युनिकोड मजकूर पेजमेकरमध्ये चिकटवला की प्रश्नचिन्हे का येतात?’ कारण पेजमेकरला युनिकोड समजतच नाही. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली आणि पुढे ते बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीने सगळे लक्ष इनडिझाइन या आपल्या दुसऱ्या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरवर दिले. इनडिझाइनमध्ये वेलांटी चुकीच्या जागी दिसत असेल, तर परिच्छेदाच्या मेनूमध्ये जाऊन ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्याय असे. एका क्लिकचे काम आहे, आणि तेवढ्यासाठी लोक वीस वर्षे जुना संगणक जपून ठेवत आहेत.

गुरुजींच्या आठवणींचे पुढे काय झाले, हेही अनेकांनी विचारले आहे. आम्ही दोघांनी चार रविवार बसून प्रत्येक ‘र्य’ आणि ‘र्ह’ डोळ्यांखालून घातला. सरसकट बदल करता येत नव्हता, कारण त्यात ‘सूर्य’, ‘कार्य’ आणि ‘आचार्य’ही होते, आणि ते बदलले असते तर नवीच आपत्ती ओढवली असती. गुरुजी वाचत आणि मी दुरुस्त करत असे. ‘वार्यावर’ आले की ते टेबलावर बोटाने टकटक करत आणि पुढचे वाक्य ‘वाऱ्यावर’ दिसेपर्यंत वाचत नसत.

तुमच्या घरी, संस्थेत किंवा वाचनालयात अशी जुनी फाइल असेल, तर ती ज्या संगणकावर आज नीट दिसते, तो संगणक भंगारात देण्यापूर्वी तीन गोष्टी करा. संपूर्ण मजकुराची पीडीएफ काढा, म्हणजे पुढे ताडून पाहायला मूळ रूप हाताशी राहील. फॉन्टचे नाव आकड्यांसह जसेच्या तसे लिहून ठेवा, कारण एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांची रचनाही कधीकधी वेगळी असते. फॉन्टची फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. रूपांतर नेहमी प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका. फॉन्टचे नाव कमेंटमध्ये लिहिलेत, तर मला ठाऊक असलेला कन्व्हर्टर मी तिथेच सांगेन. आणि त्यातून बाहेर आलेल्या पहिल्या पानावर आधी ‘ऱ्य’ शोधा.