दगडाची खालची बाजू

ही बाटली मी आज सकाळी ओढ्यातून भरून आणली. बघा, कसं नितळ पाणी आहे. आता तुम्ही विचाराल, मग ओढ्याची तब्येत ठणठणीत ना? या बाटलीवरून मला ते सांगता येणार नाही. हिच्यात आलाय तो त्या एका मिनिटाचा ओढा. परवा रात्री वरच्या अंगाला कुणी घाण सोडली असेल, तर ते पाणी केव्हाच पुढे निघून गेलं.

आता हा पांढरा ट्रे बघा. त्याच ओढ्यातले, मुठीएवढे दोन दगड उचलून त्यांची खालची बाजू यात हलकेच धुतली. पुढे या, लांबून काही दिसायचं नाही. हा चपटा जीव, पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले आणि मागे तीन दोरे, हे मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याचं पिल्लू. शेजारी दोनच दोरे असलेला, प्रत्येक पायाला दोन नख्या असलेला जरा थोराड दिसतोय ना, तो स्टोनफ्लाय, तोही अशाच एका किड्याचं पिल्लू. आणि ही वाळूची नळी वाटतेय ती नुसती वाळू नाही. कॅडिसफ्लायच्या अळीने तोंडातून रेशीम काढून एकेक कण चिकटवून बांधलेलं घर आहे ते. थांबा जरा, डोकं बाहेर काढेल.

यांतले बरेचसे जीव महिनोन् महिने पाण्यात काढतात. स्टोनफ्लायच्या काही जाती तर दोन-तीन वर्षं. पंख फुटल्यावर मेफ्लायच्या वाट्याला जेमतेम तास-दोन तास ते दोन-चार दिवस येतात. खरा संसार सगळा दगडाखाली. त्या काळात ओढ्यात जे काही आलं, ते यांनी सोसलंय. परवा रात्रीच्या घाणीची साक्ष बाटली देत नाही, हे देतात.

ही काही नवी युक्ती नाही. कोल्कविट्झ आणि मार्सन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १९०२ साली मांडलं की पाण्यातले जीव बघून पाण्याची प्रत ठरवता येते. पुढे १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये किड्यांच्या कुळांना, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांना, १ ते १० गुण द्यायची पद्धत तयार झाली. घाण जितकी कमी सोसते, तितके गुण जास्त. स्टोनफ्लायच्या बहुतेक कुळांना १०, गांडुळासारख्या कृमींना १. तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा, प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी धरायची, सापडलेल्या कुळांचे गुण मिळवायचे. यात एक गोम आहे. जास्त वेळ ढवळलंत की कुळं जास्त सापडतात आणि ओढा उगाच हुशार ठरतो. म्हणून बेरजेला कुळांच्या संख्येने भागून सरासरीही काढतात. मी स्वतः सरासरीवर जास्त भरवसा ठेवतो.

लाल अळी दिसली की लोक नाक मुरडतात. तिच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन कमी असला तरी तिचं भागतं. ती चांगल्या ओढ्यातही असते. ट्रेमध्ये तिच्याशिवाय दुसरं कुणीच नसेल, तेव्हा मात्र काळजी करा.

ऑक्सिजनवरून माझी एक फजिती सांगतो. नवशिका होतो तेव्हा मीटर घेऊन दुपारीच ओढ्यावर जायचो. एका ठिकाणी लिटरला ११ मिलिग्रॅम आकडा आला. मी खूश. पाणी २५ अंशांचं होतं. त्या तापमानाला हवेतून पाण्यात मुरून राहील असा ऑक्सिजन सव्वाआठच्या आसपास. मग उरलेला आला कुठून? तळावर शेवाळाची गादी होती आणि भर उन्हात ती बुडबुडे सोडत होती! दगड उलटावेत तर खाली लाल अळ्या आणि जळवा. शेवटी एकदा उजाडायच्या आधी गेलो. आकडा तीनच्याही खाली. रात्री शेवाळ ऑक्सिजन करत नाही, वापरतं. तेव्हापासून एकच वेळ मिळणार असेल तर मी पहाटेची घेतो.

आणखी एक शत्रू आहे, जो कुठल्याच रासायनिक तपासणीत नीट सापडत नाही. बारीक माती. काठ उघडा पडला की ती धुपून येते आणि दगडांमधल्या फटी बुजवते. पाणी शुद्ध, ऑक्सिजन भरपूर, पण राहायला घर नाही! दगड उचलताना हात सांगतो. मोकळा दगड चटकन येतो. गाळात रुतलेला ओढून काढावा लागतो, आणि खाली काळा, कुजट वासाचा थर निघतो. काठावरची झाडं गेली की माती येतेच, शिवाय सावली जाते, पाणी तापतं, शेवाळाचं फावतं. गळणारा पाचोळाही थांबतो, आणि छोट्या ओढ्यातल्या कित्येक किड्यांचं तेच मुख्य अन्न. म्हणून मी पाण्यात उतरण्याआधी मान वर करून फांद्या बघतो.

एक सावधगिरी. वाळूच्या तळाचा ओढा आणि दगडगोट्यांचा ओढा एका मापाने मोजू नका. नुकताच पूर येऊन गेला असेल तर किडे कमीच सापडणार. तुलना करायची ती तशाच, पण फारसा हात न लागलेल्या ओढ्याशी, किंवा त्याच ओढ्याच्या वरच्या भागाशी.

मघाशी कुणीतरी विचारलं, मासे आहेत म्हणजे ओढा चांगलाच ना? कोणते मासे, ते बघा. काही मासे पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात, त्यांचं घाण पाण्यातही निभतं.

आता पुन्हा ट्रेकडे बघा. हा स्टोनफ्लाय पाय रोवून अंग वर-खाली करतोय, अगदी तालमीत जोर काढल्यासारखा. दिव्याखाली पाणी तापलंय, वाहतही नाहीये, ऑक्सिजन कमी पडतोय; कल्ल्यांवरून पाणी फिरावं म्हणून त्याची ही धडपड. याला आता ओढ्यात सोडायला हवं. राहिलेले प्रश्न चालता चालता घेऊ, ट्रे कुणीतरी दुसऱ्या बाजूने धरा.