गाव एक, नावं दोन

श्रोतेहो, नमस्कार.

यात्रेच्या दिवसांत विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गावांत केरळ, तमिळनाडू, बंगालच्या नंबरच्या गाड्या उभ्या दिसतात. ही आपलीच गलाईवाली मंडळी, सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. माझे मामा त्यांतलेच. गावात ते ‘मद्रासवाले’, तिकडे ‘सेठ’. यंदा त्यांचा नातू अंगणात बहिणीशी तमिळमध्ये कडाकडा भांडत होता. आजीनं दटावलं, तसा म्हणाला, “म्या न्हाय मारलं गं, आज्जे!”

या पोराची खरी ओळख कोणती? संस्कृती-अभ्यासाची मंडळी आधी वेगळंच विचारतात : त्याला नाव कोण देतंय, आणि कशासाठी?

या विचाराला बळ दिलं स्टुअर्ट हॉल यांनी. जन्म १९३२ चा, जमैकातला. १९५१ साली ते ऑक्सफर्डला शिकायला गेले आणि तिथं ‘स्थलांतरित’ ठरले. माणूस तोच, नाव मात्र नवं. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संस्कृती-अभ्यास केंद्राची धुरा त्यांनी सांभाळली. ओळख रक्तातून तयार येत नाही, ती घडत राहते, हे त्यांनी आयुष्यभर मांडलं. मला सर्वांत पटतं ते त्यांचं एक म्हणणं : वांशिक ओळख फक्त ‘त्या’ लोकांना नसते, बहुसंख्यांनाही असते. त्यांना ती दिसत नाही, एवढंच.

सोन्याचा कस काढता येतो. वंशाचा? रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञानं १९७२ मध्ये दाखवलं, की माणसांमधला जवळजवळ ८५ टक्के जनुकीय फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो. तरीही कातडीचा रंग पाहून इंग्लंडात घर नाकारलं जाई. त्याला कायद्यानं बंदी आली १९६८ मध्ये. विज्ञानात न टिकणारा वंश भाड्याच्या खोलीच्या दारात मात्र पक्का उभा असतो. म्हणून ‘वंश खोटा आहे’ एवढं म्हणून भागत नाही.

आणि राष्ट्र? राष्ट्रवादाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये त्याला कल्पिलेला समुदाय म्हटलं. कल्पिलेला म्हणजे खोटा नव्हे. एकच वर्तमानपत्र वाचणारे लोक एकमेकांना न भेटताही ‘आपण’ होतात. आत्ता जतमध्ये कानडी बोलणाऱ्या घरात कुणी हे ऐकत असेल, कुणी मिरजेत सतारीच्या दुकानात. आपण कधी भेटलो नाही, तरी मी मघापासून ‘आपलं’ म्हणतोय, आणि तुम्हाला ते खटकलेलं नाही.

पुढच्या यात्रेला तो पोरगा आला, की त्याला जवळ बसवून विचारणार आहे, तिकडे शाळेत पोरं त्याला काय म्हणून हाक मारतात.