मलम कशात कालवलंय ते आधी बघा

नमस्कार मंडळी. येताना घरातल्या ट्यूबा घेऊन या असं सांगितलं होतं, आणि बघतोय तर बऱ्याच जणांनी पिशव्या भरून आणल्यात, फार बरं वाटलं. मी फार्मसी कॉलेजात पोरांना मलमं करायला शिकवायचो, आणि आज मला मुख्य सांगायचंय ते हेच की आपण ट्यूबवर औषधाचं नाव वाचतो, टक्के वाचतो, पण ते औषध कशात कालवलंय हे कोणीच बघत नाही. आम्ही त्याला बेस म्हणतो. अर्धी मदार त्या बेसवर असते.

आता कातडीचंच बघा ना. तिचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर केसापेक्षाही पातळ असतो, हाताला वगैरे 10 ते 20 मायक्रॉन, पण तेवढाच थर पाऊस, धूळ, जंतू सगळं बाहेर ठेवतो, आणि औषधालाही सहजासहजी आत सोडत नाही. तो थर ओलसर आणि फुगलेला असला की औषध जास्त जातं. मलमात मुख्यतः पांढरं पॅराफिन असतं, म्हणजे आपण ज्याला व्हॅसलिन म्हणतो ते, ते कातडीवर झाकण घातल्यासारखं बसतं, आतलं पाणी उडू देत नाही, म्हणून तेच औषध, तेच टक्के, पण क्रीमपेक्षा मलमात बहुतेक वेळा जोर जास्त. टाचेच्या भेगा, कोरडा जुना इसब, तिथे मलमच हवं, चिकट होतं म्हणून कंटाळू नका. आणि चिघळलेल्या, पाणी सुटणाऱ्या जागेवर तेच झाकण घातलंत तर खाली सगळं कुजत बसतं, तिथे क्रीम बरं.

क्रीम म्हणजे तेल आणि पाणी, जे एरवी एकत्र नांदत नाहीत ते. आमच्या प्रॅक्टिकलला कोल्ड क्रीम असायचं. एका भांड्यात मेण आणि लिक्विड पॅराफिन, दुसऱ्यात पाणी आणि बोरॅक्स, दोन्ही 70 डिग्रीला आणायचं आणि मग एकात दुसरं ओतत ढवळत राहायचं. मेणातलं आम्ल आणि बोरॅक्स यांचा तिथल्या तिथे साबण होतो आणि तो साबण तेल-पाण्याला धरून ठेवतो. मी स्वतः शिकत होतो तेव्हा घाई केली, पाणी पुरतं तापलं नव्हतं, आणि ओतल्याबरोबर मेणाचे रव्यासारखे दाणे झाले. बोटाने चोळलं तर खरखर लागत होतं. सरांनी सगळं फेकायला लावलं आणि म्हणाले, हे कोणाच्या तरी भाजलेल्या गालावर लागणार होतं. ते वाक्य मी पुढे प्रत्येक बॅचला सांगितलं. या कोल्ड क्रीमचं मूळ पार गॅलेनपर्यंत जातं, दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य, मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी. आपल्याकडे शतधौत घृत आहेच, तांब्याच्या भांड्यात तूप पाण्याने शंभर वेळा धुवायचं, शेवटी पांढरंशुभ्र, लोण्यासारखं हलकं होतं, तुपाचा वासही फारसा राहत नाही.

पेस्टमध्ये पावडर भरपूर, झिंक ऑक्साइड आणि स्टार्च वगैरे, म्हणून ती घट्ट असते, लावली तिथेच राहते. जेल पाण्याचं किंवा अल्कोहोलचं, केसाळ जागेवर, डोक्यात सोयीचं, पण कापलेल्या जागी झोंबतं.

आता ज्यासाठी मला खरं म्हणजे हा माईक हवा होता ते. गजकर्ण. मांडीत, कमरेला, गोल गोल चट्टे, खाज. आपण काय करतो, दुकानात जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणतो आणि जी मिळते त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर क्लोबेटासोलसारखं तगडं स्टेरॉइड, सगळं एकत्र. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश, ट्यूब शेजाऱ्यालाही देतो! पण स्टेरॉइडने फक्त कातडीचा आरडाओरडा बंद केलेला असतो, बुरशी खाली पसरतच असते, आणि चट्ट्याचा गोल आकारच मोडतो, मग डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. शिवाय जांघेतली कातडी पातळ, घडीत आपोआप झाकलेली, तिथे औषध हातापेक्षा कितीतरी जास्त शिरतं, कातडी विरते, स्ट्रेच मार्क्स पडतात आणि ते मार्क्स पूर्ण जात नाहीत हो. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, तरी आजही ट्यूबा हातोहात मिळतात, याचा मला मनापासून राग येतो. तोंड उजळायला याच ट्यूबा लावणाऱ्या मुली बघितल्या की वाईट वाटतं. आणि बरेच दिवस लावत असाल तर आज घरी जाऊन एकदम बंद करू नका, ट्यूब घेऊन डॉक्टरकडे जा.

किती लावायचं हेही विचारतात. तर्जनीच्या शेवटच्या पेराच्या रेषेपासून टोकापर्यंत ट्यूब पिळा, साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. पूर्ण हाताला अशी तीन बोटं, पायाला सहा. म्हणजे 15 ग्रॅमची ट्यूब दोन्ही पायांना दोनदा लावली की जवळजवळ संपते, आणि आपण तीच दोन महिने पुरवतो.

चला, आता ट्यूबा काढा. पिळल्यावर आधी पाणी येत असेल तर ते क्रीम फाटलंय, बाजूला ठेवा. बाकीच्या एकेक करून पुढे आणा, माझ्याकडे भिंग आहे, मागचं बारीक अक्षर वाचू आणि "प्रोपिओनेट" किंवा "व्हॅलेरेट" असा शब्द कुठे दिसतोय का बघू, ती बहुतेक स्टेरॉइडंच असतात.